पोस्टग्रेसला बाहेरून कनेक्ट व्हायचंय? पोर्ट उघडायच्या आधी हे सगळं करा

छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअरं सांभाळताना मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, "सर्व्हरवर पोस्टग्रेस चालतंय पण माझ्या लॅपटॉपवरून कनेक्टच होत नाही, काय करू?" (पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर.) आणि शोधल्यावर जो उपाय सापडतो तो ठरलेला असतो, लिसन अ‍ॅड्रेसेसमध्ये स्टार टाका, पीजी-एचबीए या परवानग्यांच्या फाइलमध्ये ०.०.०.०/० म्हणजे कुठलाही पत्ता टाका, रीस्टार्ट मारा, झालं. होतंही कनेक्ट. पण मग जगातल्या कुणालाही तुमच्या डेटाबेसच्या दारापर्यंत येता येतं आणि लोक येतातच, कारण ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात.

सांगलीकडच्या एका होलसेल व्यापाऱ्याचा सर्व्हर माझ्याकडे आला तेव्हा तक्रार एवढीच होती की बिलिंग फार स्लो झालंय. टॉप कमांड मारून बघितली तर पोस्टग्रेस युजरच्या नावावर एक अनोळखी प्रोसेस सगळा सीपीयू खात बसलेली. पोर्ट जगाला उघडा, सुपरयुजरचं, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरचं, नाव पोस्टग्रेस आणि पासवर्डही पोस्टग्रेस. खूप जणांना हे माहीत नसतं की ९.३ व्हर्जनपासून पोस्टग्रेसचा सुपरयुजर कॉपी कमांडला प्रोग्रॅम शब्द जोडून थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड चालवू शकतो, म्हणजे सुपरयुजरचा पासवर्ड गेला की नुसता डेटा जात नाही, अख्खी मशीन जाते. तिथं कॉइन मायनिंगचा प्रोग्रॅम बसवला होता. अशा मशीनवर परत विश्वास ठेवता येत नाही, त्यामुळे सगळं पुसून नवीन सर्व्हर उभा केला, आदल्या रात्रीचा डंप (डेटाबेसची बॅकअप कॉपी) चढवला आणि त्या दिवसाची बिलं दुकानातल्या दिवाणजींनी कागदी कॉपीवरून परत एकेक करून भरली. त्या माणसाची काहीच चूक नव्हती आणि रात्री अकरापर्यंत तो बसला होता, म्हणून हे मी जरा जीव तोडून लिहितोय.

आणि पासवर्ड भक्कम ठेवला की झालं असंही नाही. ४ एप्रिल २०१३ ला पोस्टग्रेसने एका मोठ्या चुकीवर पॅच काढला होता, कनेक्शन मागताना डेटाबेसचं नाव डॅशने सुरू केलं की सर्व्हरच्या फाइल खराब करता येत होत्या, लॉगिन न करता, फक्त पोर्टपर्यंत पोचता आलं की पुरे. ९.०, ९.१ आणि ९.२ तिन्ही व्हर्जनना ती चूक होती. ज्यांचा पोर्ट बंद होता ते त्या दिवशी निवांत अपडेट करू शकले. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की पोर्ट उघडणं हा शेवटचा पर्याय ठेवा, बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही.

खाली मी उबुंटू २४.०४ आणि त्यासोबत येणारं पोस्टग्रेस १६ धरून सांगतोय. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीत टाका.

आधी कागद घ्या

खरंच कागद घ्या. कोण कनेक्ट होणार, कुठून आणि कशासाठी, एवढं लिहा. बहुतेक ठिकाणी तीन प्रकार निघतात. एक म्हणजे अ‍ॅपचा सर्व्हर, तो त्याच क्लाउडमध्ये शेजारी असेल तर प्रायव्हेट आयपीवरून बोलू द्या, पब्लिक इंटरनेटचा संबंधच नको. दुसरा प्रकार माणसं, म्हणजे डेव्हलपर, घरून काम करणारा अकाउंटंट वगैरे. तिसरा बाहेरच्या सर्व्हिस, रिपोर्टिंगची टूल्स वगैरे. इथे एक सांगतो, पॉवर बीआय या रिपोर्टिंग टूलसाठी पोर्ट उघडायला जाऊ नका, त्यांचा ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे ऑफिसमधल्या विंडोज मशीनवर टाकला की तो आतून बाहेर कनेक्शन करतो, बाहेरून आत यायला दार लागत नाही.

माणसांच्या बाबतीत लोक म्हणतात आयपी व्हाइटलिस्ट करू. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि मोबाइल डेटावर तर एकाच पब्लिक आयपीमागे अनेक ग्राहक असतात, म्हणजे आज तुम्ही ज्या आयपीला परवानगी दिली त्याच्यामागे अनोळखी माणसंही आहेत आणि उद्या तुम्ही स्वतः तिथे नसाल. ऑफिसला स्टॅटिक आयपी घेतला असेल तरच व्हाइटलिस्टला अर्थ आहे.

आत्ता काय उघडं आहे ते बघा

सुडो एसएस -टीएलएनपी

ही कमांड मारा आणि ५४३२ ची ओळ शोधा. १२७.०.०.१:५४३२ दिसलं तर पोस्टग्रेस फक्त मशीनच्या आतच ऐकतंय, मूळ सेटिंग तेच असतं आणि ते चांगलं आहे. ०.०.०.०:५४३२ दिसलं तर सगळ्या नेटवर्कवर ऐकतंय, मग आधी ते बंद करा आणि नंतर पुढचं वाचा. काहीही बदलायच्या आधी इटीसी, पोस्टग्रेसक्यूएल, १६, मेन या फोल्डरची कॉपी काढा आणि पीजी-डंप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर न्या.

माणसांसाठी एसएसएच टनेल

हा माझा पहिला आणि लाडका पर्याय, कारण एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय, तुमच्याकडे आधीपासून चालूच आहे आणि डेटाबेसच्या बाजूने काहीही बदलावं लागत नाही. लॅपटॉपवर एवढंच:

एसएसएच -एन -एल ५४३३:१२७.०.०.१:५४३२ टनेल@तुमचा-सर्व्हर

एन आणि एल दोन्ही कॅपिटल. म्हणजे लॅपटॉपच्या ५४३३ वर जे येईल ते एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरच्या आतल्या ५४३२ ला जातं. ५४३३ एवढ्यासाठी की डेव्हलपरच्या लॅपटॉपवर स्वतःचं पोस्टग्रेस ५४३२ अडवून बसलेलं असतं, मग माणूस चुकून लोकल डेटाबेसला जोडला जातो आणि टेबलं कुठे गेली म्हणून घाबरतो. डीबीव्हर आणि पीजीअ‍ॅडमिन दोन्हीत एसएसएचचा वेगळा टॅब असतो, तिथे सर्व्हरचं नाव आणि की द्यायची, मुख्य टॅबमधल्या होस्टमध्ये मात्र १२७.०.०.१ च लिहायचं कारण तो पत्ता सर्व्हरच्या बाजूने बघितला जातो, इथे निम्मे लोक सर्व्हरचा पब्लिक आयपी टाकतात आणि अडकतात.

टनेलसाठी वेगळा लिनक्स युजर करा, त्याचा शेल नोलॉगिन ठेवा, म्हणजे त्याला सर्व्हरवर कमांड चालवता येणार नाही. प्रत्येक माणसाची स्वतःची ईडी२५५१९ की, आणि ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये प्रत्येक कीच्या आधी रिस्ट्रिक्ट, पोर्ट-फॉरवर्डिंग आणि परमिटओपन = "१२७.०.०.१:५४३२" असं स्वल्पविराम देऊन एकत्र लिहा. मग ती की फक्त डेटाबेसपर्यंतच पोचते. परमिटओपन अक्षर अन् अक्षर जुळवून बघतं हे लक्षात ठेवा, तिथे १२७.०.०.१ लिहिलं आणि माणसाने कमांडमध्ये लोकलहोस्ट टाकलं तर टनेल नाकारलं जातं, मी यात एकदा अख्खी दुपार घालवली आहे. आणखी एक, एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएचच्या, कॉन्फिगमध्ये त्या युजरपुरतं अलाउ-टीसीपी-फॉरवर्डिंगला लोकल अशी किंमत द्या, नाहीतर उलट्या दिशेचं टनेलही काढता येतं. एसएसएचचं पासवर्ड लॉगिन बंद हवं हे वेगळं सांगायला नको.

चहाला गेलं की टनेल तुटतं अशी तक्रार येईल, त्यावर लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० टाका.

चार-पाच माणसांच्या वर गेलात तर वायरगार्ड

रोज टनेल उघडायचा कंटाळा येतो, म्हणून मग व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच पण फक्त आपल्या मशीनपुरतं खासगी नेटवर्क. वायरगार्ड २०२० मध्ये ५.६ व्हर्जनला लिनक्स कर्नलमध्येच आलं, सेटअप छोटा आहे, साधारणपणे यूडीपी ५१८२० पोर्ट वापरतात आणि ज्याच्याकडे की नाही त्याला ते उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. सर्व्हरला व्हीपीएनमधला पत्ता द्या, समजा १०.८.०.१, आणि पोस्टग्रेसला लोकलहोस्टसोबत फक्त त्या पत्त्यावर ऐकायला लावा.

यात एक खाच आहे. सर्व्हर रीबूट झाला की कधीकधी पोस्टग्रेस आधी उठतं आणि वायरगार्ड नंतर, तेव्हा १०.८.०.१ हा पत्ता मशीनवर नसतोच, पोस्टग्रेस लॉगमध्ये वॉर्निंग टाकतं आणि लोकलहोस्टवर चालू होतं. लोकल अ‍ॅप मस्त चालतं, बाहेरच्या सगळ्यांचं बंद, आणि कारण सापडत नाही. उपाय म्हणजे सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस चालू करणारी यंत्रणा) पोस्टग्रेसच्या सर्व्हिसला आफ्टरमध्ये डब्ल्यूजी-क्विकची सर्व्हिस लावून द्या.

तरीही थेट पोर्ट उघडायचाच असेल तर

कधीकधी इलाज नसतो, दुसऱ्या कंपनीची सिस्टिम त्यांच्या स्टॅटिक आयपीवरून जोडायची असते आणि ते व्हीपीएन करणार नाहीत. ठीक आहे, मग क्रम पाळा: आधी युजर, मग टीएलएस, मग पीजी-एचबीए, मग फायरवॉल आणि ऐकायचा पत्ता सगळ्यात शेवटी.

युजर. बाहेरून येणाऱ्याला सुपरयुजर कधीही नाही. समजा डेटाबेस हिशोब आणि युजर रिपोर्ट-वाचक. आधी हिशोब डेटाबेसवरचा कनेक्टचा हक्क पब्लिककडून काढून घ्या, कारण पोस्टग्रेस तो मुळात सगळ्यांना देतं, मग रिपोर्ट-वाचकला कनेक्ट, स्कीमावर यूसेज आणि लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्ट द्या. त्याला लागणारे व्ह्यू बनवून फक्त व्ह्यूवर हक्क दिला तर अजून बरं. ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरणार असाल तर ते फक्त तुम्ही नाव दिलेल्या रोलने पुढे बनवलेल्या टेबलांना लागू होतं, उद्या दुसऱ्याच रोलने टेबल बनवलं की रिपोर्ट बंद पडतो. कनेक्शन लिमिट ५ वगैरे ठेवा. पासवर्ड ठेवताना ऑल्टर रोल कमांडमध्ये सरळ लिहू नका, तो लॉगमध्ये आणि हिस्टरीमध्ये जाऊन बसू शकतो, पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये बॅकस्लॅश पासवर्ड ही कमांड आहे, ती पासवर्ड हॅश करूनच पाठवते.

जुना सर्व्हर अपग्रेड करून आणला असेल तर पासवर्ड एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीत साठवलेले असतील. स्क्रॅम-शा-२५६ ही भक्कम पद्धत पोस्टग्रेस १० मध्ये आली आणि १४ पासून डीफॉल्ट झाली, पण जुने पासवर्ड आपोआप बदलत नाहीत, ते परत सेट करावे लागतात.

टीएलएस. म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये त्याचं जुनं नाव एसएसएल असंच येतं. उबुंटूच्या पॅकेजमध्ये एसएसएल चालूच असतं पण स्नेकऑइल नावाच्या स्वतःच सही केलेल्या सर्टिफिकेटवर. त्याने रस्त्यात डेटा वाचता येत नाही हे खरं, पण समोरचा सर्व्हर तुमचाच आहे हे क्लायंटला कळायला मार्ग नाही, मध्ये कुणी उभा राहिला तर पासवर्डची देवाणघेवाण त्याच्याशीच सुरू होईल. म्हणून नीट सर्टिफिकेट घ्या, स्वतःची छोटी सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी व्यवस्था) करून किंवा लेट्स एन्क्रिप्टचं. स्वतःची सीए केली तर तिची की सर्व्हरवर ठेवू नका. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, रिन्यू झाल्यावर नवीन फाइल पोस्टग्रेसच्या जागी कॉपी करून रीलोड मारणारा हुक लावलाच पाहिजे, नाहीतर तीन महिन्यांनी रविवारी फोन येतो. की फाइलचा मालक पोस्टग्रेस आणि परवानगी ०६००, ती सगळ्यांना वाचता येत असेल तर सर्व्हर चालूच होत नाही.

क्लायंटच्या बाजूला एसएसएल-मोड बघा. डीफॉल्ट प्रीफर असतो, म्हणजे एसएसएल जमलं तर ठीक, नाही जमलं तर उघड्यावर. रिक्वायर लावलं की एन्क्रिप्शन नक्की, पण ओळख तपासली जाईलच असं नाही. व्हेरिफाय-फुल लावलं की सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव दोन्ही तपासलं जातं, थेट इंटरनेटवरून येणाऱ्याला हेच हवं.

पीजी-एचबीए. या फाइलमध्ये ओळ अशी:

होस्टएसएसएल हिशोब रिपोर्ट-वाचक २०३.०.११३.१०/३२ स्क्रॅम-शा-२५६

सुरुवातीला होस्ट नाही, होस्टएसएसएल, म्हणजे बिनएसएसएलचं कनेक्शन या ओळीत बसणारच नाही. शेवटचं /३२ म्हणजे फक्त हा एक पत्ता, /२४ लिहिलं की २५६ पत्ते आले. फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळलेली ओळच चालते, पासवर्ड चुकला म्हणून पुढची ओळ बघितली जात नाही. त्यामुळे वर कुठे जुनी ट्रस्टची किंवा ऑल-ऑलची ओळ राहिली असेल तर खालचं सगळं कडक लिखाण वाया. मी तर सगळ्यात वर पोस्टग्रेस या सुपरयुजरसाठी ०.०.०.०/० आणि आयपीव्ही६ साठी ::/० अशा दोन रिजेक्ट ओळी टाकतो. याने टनेलमधूनही सुपरयुजर येऊ शकत नाही, सर्व्हरवर एसएसएचने जाऊन लोकल सॉकेटवरून येतो, आणि मला तसंच हवंय. बदलल्यावर रीलोड पुरतं, आणि लगेच पीजी-एचबीए-फाइल-रूल्स या व्ह्यूवर सिलेक्ट मारून एररचा कॉलम रिकामा आहे का बघा.

फायरवॉल. दोन ठिकाणी, क्लाउडवाल्याच्या पॅनेलमध्ये आणि मशीनवर यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलमध्ये. यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. मग:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम २०३.०.११३.१० टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी

पोस्टग्रेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) असेल तर इथे थांबा आणि नीट वाचा. डॉकर पोर्ट पब्लिश करताना स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम घालतं आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, यूएफडब्ल्यू स्टेटस डिनाय दाखवत राहतो आणि पोर्ट जगाला उघडा असतो. डॉकरमध्ये ५४३२:५४३२ असं न लिहिता पुढे १२७.०.०.१: लावा, किंवा प्रायव्हेट पत्ता लावा.

ऐकायचा पत्ता. लिसन अ‍ॅड्रेसेसमध्ये आपल्या लॅपटॉपचा आयपी टाकणारे खूप भेटतात. ती येणाऱ्यांची यादी नाही, सर्व्हरने स्वतःच्या कुठल्या पत्त्यावर ऐकायचं त्याची यादी आहे. आणि बऱ्याच क्लाउडमध्ये पब्लिक आयपी मशीनवर नसतोच, बाहेर नॅट केलेला, म्हणजे क्लाउडवाल्याने प्रायव्हेट पत्त्याला जोडून दिलेला असतो, म्हणून तिथे लोकलहोस्ट आणि मशीनचा प्रायव्हेट पत्ता लिहायचा. यासाठी मात्र रीलोड चालत नाही, रीस्टार्ट लागतो, दुकान बंद झाल्यावर करा.

पोर्ट नंबर बदलू का असं विचारतात. बदला, लॉगमधला कचरा कमी होईल, पण त्याला कुलूप समजू नका.

आता बाहेरून तपासा

ज्याला परवानगी दिली त्याचं कनेक्शन झालं एवढं बघून थांबू नका, ज्याला दिली नाही त्याचं होत नाही हे बघणं जास्त महत्त्वाचं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि तिथून एनसी -व्हीझेड ने सर्व्हरचा ५४३२ ठोका. नुसतं लटकून टाइमआउट आलं तर फायरवॉल काम करतंय. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट मशीनपर्यंत पोचलं पण त्या पत्त्यावर कुणी ऐकत नाही, किंवा फायरवॉल ड्रॉपऐवजी रिजेक्ट करतोय. पीएसक्यूएलने प्रयत्न केल्यावर "नो पीजी-एचबीए एंट्री" असा मेसेज आला तर फायरवॉल पार झाला आणि पोस्टग्रेसने अडवलं, हॉटस्पॉटवरून हा मेसेज दिसणं म्हणजे फायरवॉल उघडा आहे, परत जा आणि दुरुस्त करा. पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड आलं तर एचबीएची एखादी ओळ त्या पत्त्याला जुळतेय, कुठली ते शोधा. या चार मेसेजमधला फरक कळला की अर्ध्या अडचणी कुणाला न विचारता सुटतात.

परवानगी असलेल्या मशीनवरून एसएसएल-मोड डिसेबल ठेवूनही एकदा प्रयत्न करा, तो फसलाच पाहिजे. आणि आयपीव्ही६ वरूनही तपासा, आयपीव्ही४ ला कडक नियम आणि आयपीव्ही६ सताड उघडं हे मी बऱ्याचदा बघितलंय. शेवटी पीजी-स्टॅट-एसएसएल व्ह्यूमध्ये बाहेरच्या प्रत्येक कनेक्शनसमोर एसएसएल ट्रू आहे का बघा.

लॉग आणि दार बंद करणं

लॉग-कनेक्शन्स आणि लॉग-डिसकनेक्शन्स चालू करा, लॉग-लाइन-प्रीफिक्समध्ये टक्का एच घाला म्हणजे कुठल्या पत्त्यावरून आला ते दिसतं. उबुंटूचं लॉगरोटेट जुने लॉग काही आठवड्यांत उडवतं, ते वाढवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं आहे, क्लायंटला हे आधीच सांगून ठेवा. पोस्टग्रेसचे छोटे अपडेट दर तीन महिन्यांनी येतात, ते टाकत राहा.

आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याच्या कीची ओळ काढा, त्याच्या रोलला नोलॉगिन करा. पण एवढ्याने त्याचं आधीपासून चालू असलेलं कनेक्शन तुटत नाही, एचबीए रीलोड केल्यानेही तुटत नाही, कारण तपासणी फक्त दारातून आत येताना होते. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये त्याचं नाव शोधा, त्याचे पीआयडी (प्रोसेसचे नंबर) पीजी-टर्मिनेट-बॅकएंडला द्या आणि परत एकदा यादी बघा, त्याचं नाव गेलेलं दिसलं की मगच लॅपटॉप मिटा.